दुपारी बंद, संध्याकाळी चालू: फ्युएल पंपाचा करंट नेमका कुठे अडतो?

गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. यवतमाळला जाऊन येते, बाजारहाट होतो, आणि दुपारी परतीच्या रस्त्यावर दोन-तीन झटके खाऊन बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. निंबाखाली तासभर उभी केली की पुन्हा चालू. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे न्यावी तर तिथे तिला काहीच झालेलं नसतं. तो प्लग आणि फिल्टर साफ करून देतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात, आणि मग भर उन्हात, नेमकं घरातलं कुणी दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा, तेच.

पेट्रोल गाड्यांचं हे दुखणं मार्च ते जून आमच्याकडे सतत येतं. निदान बहुतेक वेळा एकच होतं: टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप गेला, बदला. पंप काही हजारांचा, वर मजुरी. बदलल्यावर महिनाभर गाडी ठीक चालते, कारण नवा पंप कमी करंटातही रेटून नेतो, आणि मग पुन्हा बंद. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या खिशातून असे पैसे जाताना बघवत नाहीत. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की पंप चालू असताना त्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटवर, व्होल्टेज मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नका. दोष बऱ्याचदा वायरमध्ये, रिलेत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) किंवा अर्थिंगमध्ये निघतो आणि तो पॉलिश पेपर आणि नव्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीवर) सुटतो.

आधी करंटचा रस्ता डोळ्यासमोर आणा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले, रिलेतून गाडीच्या तळाने मागे जाणारी वायर, मागच्या सीटखालचा कपलर, टाकीतला पंप, आणि पंपातून बाहेर पडून बॉडीवर अर्थ. तिथून बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत. रिले कधी ओढायचा हे इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद रिले ओढतो, तेवढ्यात लाइनमध्ये प्रेशर भरतं. बऱ्याच गाड्यांत हे प्रेशर तीन बारच्या आसपास असतं. त्यानंतर इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला तरच पंप पुढे चालतो, नाहीतर इसीएम तो बंद करतो. अपघातात इंजिन थांबलं तर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय.

कानाने सुरुवात करा

गाडी बंद पडल्याबरोबर, ती थंड व्हायच्या आत, पंखा, रेडिओ, एसी बंद करा. एकाला मागच्या सीटवर कान लावून बसवा आणि चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज आला पाहिजे. ही तपासणी फुकटची आहे आणि निम्मं काम तीच करते, पण बहुतेक जण घाईत थेट सेल्फ मारतात आणि त्या आवाजात पंपाचा आवाज बुडून जातो.

आवाज स्वच्छ येतो आणि तरी गाडी लागत नाही, तर दोष दुसरीकडे असू शकतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, कारण हा सेन्सरही गरम झाला की दगा देतो आणि थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. लक्षण हुबेहूब पंपासारखंच, म्हणूनच इथे फसगत होते. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी टाळायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेने, गाडी अडवली आहे, दुसरी चावी लावून बघा. काही गाड्यांत धक्का बसला की पंपाचा करंट तोडणारा स्विच असतो. पांदण रस्त्यावर मोठा खड्डा आपटल्यावर गाडी बंद पडली असेल तर तो आधी आठवा, त्याचं बटन दाबलं की काम होतं.

आवाज मुळीच येत नाही किंवा घरघरत, दमल्यासारखा येतो, तर पुढचं वाचा.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेईल इतकी निघते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर असतो. टाकीजवळ वायर घासून ठिणगी पाडून करंट आहे का बघायचं, हा प्रकार काही जण सर्रास करतात. कृपा करून करू नका. विडी-सिगारेट, मोबाइल चार्जर, हॅलोजन, सगळं लांब ठेवा. विजेच्या सगळ्या तपासण्या टाकी बंद असतानाच उरकायच्या. टाकी उघडायचीच वेळ आली तर फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काम मोकळ्या हवेत करा, कुटार (भुसा) भरलेल्या गोठ्यात नको.

बॅटरी, फ्यूज, रिले

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको, आणि इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा. बॅटरीच पडलेली असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतील.

फ्यूज बहुतेक पंधरा अँपिअरचा असतो, बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं. काढून फक्त डोळ्याने बघू नका. त्याचे पाय काळे पडलेत का, बॉक्समधल्या खाचा सैल झाल्यात का, तेही बघा. फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हे शोधल्याशिवाय मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका. त्याच्या मागची वायर पेट्रोलच्या टाकीपर्यंत जाते.

रिलेला चार पाय असतात, त्यांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० वर करंट येतो, ८७ वरून पंपाकडे जातो, ८५ आणि ८६ मध्ये रिलेची कॉइल. सोपी तपासणी म्हणजे त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा एसीचा रिले तिथे लावून बघणे. नंबर आणि पायांची रचना जुळली पाहिजे, दिसायला सारखा आहे म्हणून लावू नका. ‘टक’ असा आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. आतला कॉन्टॅक्ट जळून काळा झाला तरी टक वाजतंच, करंट मात्र अर्धवट जातो.

दुसरा रिले लावूनही पंप गप्प, तर रिले काढून ठेवा. ३० ची खाच आणि बॉडी यांच्यामध्ये एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. काही गाड्यांत चावी ऑन केल्यावरच तिथे करंट येतो. बल्ब फकफकीत पेटला पाहिजे. पेटला, तर पंधरा अँपिअरचा फ्यूज मध्ये टाकलेल्या वायरीने ३० आणि ८७ जोडा. पंप लगेच धावला तर मागचा रस्ता ठीक आहे आणि दोष रिलेच्या कॉइलच्या बाजूला आहे. ८५-८६ च्या खाचांत मीटर लावून कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद बारा व्होल्ट दिसायला हवेत. इथे बल्ब लावू नका, इसीएमची बाजू नाजूक असते. व्होल्ट नाही आले तर इग्निशनचा फ्यूज, इसीएमचा करंट आणि इमोबिलायझर तपासायचे, पंप नाही.

काही नव्या टर्बो गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोलर ठरवतो आणि करंट ठोक्या-ठोक्याने जातो. तिथे ही थेट जोडणी करायची नाही, त्याला स्कॅनरच लागतो.

खरा निकाल लोडवर, म्हणजे पंप करंट ओढत असताना

हा भाग शांतपणे वाचा, कारण पंप विनाकारण बदलला जातो तो इथेच.

विहिरीवरच्या मोटरचं सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. मोटर बंद असते तेव्हा मीटर २३० दाखवतो, स्टार्टर दाबला की काटा धपकन खाली येतो, कारण डीपी लांब आणि तार बारीक. गाडीतही तसंच होतं. पंपाचा कपलर काढून त्यात मीटर घातला की बारा व्होल्ट दिसतात, मेकॅनिक म्हणतो करंट येतोय, पंपच गेला. पण मीटरला लागणारा करंट नगण्य असतो. गंजलेल्या, एका धाग्यावर लटकलेल्या वायरीतूनही तो बारा व्होल्ट दाखवेल. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. मीटरचा ‘बीप’ही असाच फसवतो, वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बऱ्याच मीटरांवर तो वाजतोच.

हिशोब करून बघा. वाटेत कुठे ०.४ ओहमचा अडथळा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा जवळपास तेवढा असतो, म्हणून ओहमच्या मापात हा दिसणारच नाही. पण पाच अँपिअर वाहिले की तिथे दोन व्होल्ट मरतात आणि दहा वॅटची उष्णता तयार होते. एवढीशी पिन दहा वॅटवर तापत राहिली की कपलरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, शेवटी वितळून पिनला चिकटतं.

म्हणून माप पंप चालू असतानाच घ्यायचं. मागची सीट काढा, सीटखालच्या पत्र्यातलं गोल झाकण उघडा, टाकी नाही. कपलर जोडलेलाच ठेवा. त्याच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून, बारीक टाचण्या सरकवा. त्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका, आणि पेट्रोलचा वास किंवा ओल जाणवली तर इथेच थांबा. इंजिन चालू, मीटर डीसी वीस व्होल्टवर. पंपाच्या दोन वायरींमध्ये किती येतात ते लिहून ठेवा. मग लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळं पंपाच्या पॉझिटिव्हवर: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. त्यानंतर पंपाच्या अर्थवरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: ०.२ च्या आत. लांबपर्यंत पोचायला बाजारातली साधी एकेरी वायर जोडून मीटरचं टोक वाढवा.

घाटंजीकडच्या एका मास्तरांची गाडी आली होती. पंप आधीच बदलून झालेला, रिले नवा, दुपारची बंद पडायची सवय तशीच. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपावर मात्र ११.३. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.४ जात होते, ते चालण्यासारखं. अर्थच्या बाजूला २.४. एवढा व्होल्टेज बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच मरत होता. त्यातच दिसलं की ब्रेक दाबला की पंपाचा आवाज खाली येतो. म्हणजे ब्रेक लाइट आणि पंप एकाच अर्थवर. डिक्कीचा गालिचा उचलला, डाव्या कोपऱ्यात तीन काळ्या वायरींचा एक बोल्ट. डेंटिंगनंतर तिथे रंग मारलेला होता आणि रंगावरच थिंबल आवळून टाकलेली. बोल्ट घट्ट होता, ओढून बघितलं तरी हलत नव्हता, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसलं नसतं. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, थिंबली पॉलिश पेपरने घासल्या, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. अर्थच्या बाजूचा आकडा ०.१ वर आला, पंपाला १३.६ मिळू लागले. गाडी त्यानंतर त्या कारणाने आली नाही.

पॉझिटिव्हच्या बाजूला घट जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने मोजत जा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूजच्या या पायावरून त्या पायावर, रिलेच्या ३० वरून ८७ वर, ८७ वरून कपलरपर्यंत. ज्या टप्प्यात आकडा उडी मारतो तिथेच दोष. रिलेच्या कॉन्टॅक्टवर ०.२ पेक्षा जास्त दिसले तर तो रिले फेका, घासून परत लावू नका.

मग दुपारीच का?

तांब्याचा अडथळा तापमान एक अंश वाढलं की साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. तीस अंशांची वायर सत्तरवर गेली की सोळा टक्के वाढ झाली. उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली सत्तर अंश काही विशेष नाहीत. रिलेची कॉइल तापली की तिची ओढही कमी पडते. पत्रा फुगतो, सैल पिन आणखी सुटते. त्यात एसी चालू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त हवं. सकाळी कसंबसं भागत असलेलं व्होल्टेज दुपारी कमी पडतं.

आणि टाकीत पेट्रोल किती आहे? पंपाला थंड ठेवणारं त्याच्याभोवतीचं पेट्रोलच असतं. शे-दोनशेचं पेट्रोल टाकून काटा कायम लालवर ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे, पेट्रोल पंप लांब असला तर आणखीच. उन्हाळ्यात निदान पाव टाकी तरी भरलेली असू द्या. पंपाचं आयुष्य यानं खरोखर वाढतं.

आपल्याकडची तीन नेहमीची कारणं

उंदीर. तूर, सोयाबीन, कापूस घरात आला की गाडी त्याच आवारात उभी राहते. उंदीर बोनेटखालून शिरतात आणि मागच्या सीटच्या फोममध्ये घर करतात. सीट काढल्यावर लेंड्या आणि कापसाचे पुंजके दिसले तर वायरिंगचा एकेक इंच हाताने चाचपा. अर्धवट कुरतडलेली वायर सगळ्यात त्रासदायक, चारपाच धागे शिल्लक असतात आणि तेवढ्यावर पंप थंडीत चालतो.

जीपीएस आणि चोरीचा अलार्म. बाहेरून बसवताना पंपाची वायर तोडून मध्ये छोटा रिले घालतात आणि दोन्ही टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळतात. टेपचा डिंक उन्हाने वितळतो, जोड उघडा पडतो, हिरवा होतो. डॅशबोर्डखाली किंवा ड्रायव्हरच्या पायाशी असा जोड दिसला तर आधी तोच तपासा. काही गॅस किटमध्येही पंपाची वायर अशीच तोडलेली असते. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला विचारून घ्या काय काय बसवलं होतं.

पाणी. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली, काळ्या मातीचा चिखल तळाला बसला की तो ओल धरून ठेवतो आणि तळाच्या कपलरांच्या पिना हिरव्या होतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्यात मिसळून तळाला बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीचं झाकण आणि त्याचं रबर चांगलं आहे ना बघा.

जोड कसा घालायचा

खराब भाग कापून टाका, त्याच जाडीची किंवा थोडी जाड ऑटो वायर घ्या, दीड ते अडीच चौरस मिलिमीटर. घरातल्या फिटिंगची एकेरी कडक तार नको, ती गाडीच्या कंपनांनी तुटते. नीट दाबलेली थिंबल किंवा सोल्डर, त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह. जोड ताणात राहू देऊ नका. कपलरची पिन जळाली असेल तर वायरीसकट नवा कपलर लावा, वितळलेला कपलर घासून परत बसवला की महिन्यात पुन्हा जळतो. टाकीच्या आतल्या वायरीला मात्र जोड घालायचाच नाही, टेप आणि साधी स्लीव्ह पेट्रोलमध्ये विरघळते. ती अख्खीच बदलावी लागते.

पंप खरोखर गेला, हे कधी म्हणायचं

कपलरवर लोडवर जवळजवळ बॅटरीएवढं व्होल्टेज पोचतंय आणि तरी पंप गप्प आहे, तेव्हाच. आणखी एक खूण म्हणजे गाडी बंद पडल्यावर टाकीच्या बुडाला हाताच्या मुठीने किंवा रबरी हातोडीने हलके ठोकले की पंप सुरू होतो. म्हणजे त्याचे कार्बन (पंपाच्या मोटरीत करंट पोचवणाऱ्या कांड्या) झिजलेत. असा पंप गावापर्यंत नेईल, पण त्याच्या भरवशावर लग्नाला किंवा दवाखान्यात निघू नका. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर बरं. शेतातल्या मोटरसाठीचा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, त्यावर पंपाचा आकडा येणार नाही. व्होल्टेज पूर्ण आणि करंट नेहमीपेक्षा खूप जास्त, तर पंप जाम आहे किंवा फिल्टर तुंबलाय. करंट खूप कमी, तर कार्बन झिजलेत किंवा पंप कोरडा फिरतोय.

पंप बदलताना त्याच्या तोंडाची जाळी नवीच घ्या, टाकीचा तळ बघा, आणि वरची रबर रिंगही नवी टाका. जुनी रिंग एकदा फुगली की परत नीट बसत नाही आणि गाडीत पेट्रोलचा वास सुटतो.

काम झाल्यावर ताबडतोब गाडी ताब्यात देऊ-घेऊ नका. टाचण्या तशाच ठेवून मीटर मागच्या सीटवर ठेवा, एसी, हेडलाइट, मागची काच तापवणारा स्विच, सगळं लावा आणि दुपारी बाराच्या पुढे अर्धा तास गाडी फिरवा. शेजारी बसलेल्याने फक्त आकडा बघायचा. तो सुरुवातीच्या आकड्यापासून अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर टाचण्या काढा, त्या जागी सिलिकॉनचा ठिपका लावा आणि सीट बसवा. हळूहळू खाली सरकत गेला तर अजून एक जोड कुठेतरी तापतो आहे. गाडी थांबवून चावी बंद करा आणि लगेच एकेक कपलर हाताने चाचपत जा, दोषी कपलर बोटाला गरम लागेल.